आधी सुधारणा की आधी स्वराज्य? मुंबईच्या संदर्भात एक प्रश्न

दादरचा वाचक (प्रश्न)

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात मला समाजसुधारणा आणि राष्ट्रीय राजकारण यांच्या संबंधावर बोलायचे आहे. तयारी करताना जाणवले की हा विषय आपल्याकडे बहुधा आगरकर आणि टिळक या दोन मित्रांच्या मतभेदाच्या रूपात शिकवला जातो: एकाने म्हणावे, आधी घर सुधारा, दुसऱ्याने म्हणावे, आधी परक्याला घालवा. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढले, १८९५ साली पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनात समाजसुधारकांच्या सामाजिक परिषदेला मंडप मिळू नये म्हणून वाद पेटला आणि न्यायमूर्ती रानडे यांनी फूट टाळण्यासाठी परिषद दुसरीकडे भरवली, एवढ्यावर बहुतेक विवेचन संपते.

माझ्या मनात दोन शंका आहेत. काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये गवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत भरले, म्हणजे राष्ट्रीय राजकारणाचा पाळणा मुंबईत हलला. मग हा वाद मुंबईत कोणत्या रूपात झाला? दुसरी शंका अधिक अवघड आहे. परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि कुटुंबात कायद्याने हात घालू नये, हा आक्षेप खरोखर तत्त्वाचा होता, की सुधारणा टाळण्यासाठी घेतलेली ती ढाल होती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

विधिशाखा

आपल्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर मुंबईच्या उच्च न्यायालयात सापडते.

रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आईच्या आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी त्या राहिल्या आणि शिकल्या. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्क पुन्हा मिळावेत म्हणून दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जिने कधी संसारच केला नाही अशा तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याच्या स्वाधीन करणे त्यांना रानटीपणाचे वाटले. पण त्यांच्या निकालातला कायद्याचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा होता. असा दावा लावण्याची सोय हिंदू धर्मशास्त्रात नाही, ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आली आहे, असे त्यांनी दाखवून दिले.

या निकालावर सनातनी पक्ष तुटून पडला आणि ‘केसरी’नेही त्या पक्षाची बाजू घेतली. अपिलात निकाल फिरला, खटला पुन्हा चालला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन दादाजींशी तडजोड झाली, रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

आता आपला प्रश्न या खटल्यापुढे ठेवून पाहा. परक्याने आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व जर मनापासून धरले असते, तर परक्या चर्चच्या कायद्यातून आलेला दावा एका हिंदू मुलीवर लादला जातो आहे, याच गोष्टीला पहिला विरोध व्हायला हवा होता. तो झाला नाही. जो परका कायदा नवऱ्याच्या हाती अधिकार देत होता तो धर्म म्हणून पचला, आणि जो परका न्यायाधीश मुलीच्या बाजूने बोलला तो धर्मबुडवा ठरला. म्हणून मला असे वाटते की कायद्याचे परकेपण हा त्या वेळचा खरा निकष नव्हता. घरातला अधिकार कोणाकडे राहणार, हा होता.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याकडेही याच दृष्टीने पाहावे. दंडसंहितेत मुलीशी शरीरसंबंधासाठी दहा वर्षांची वयोमर्यादा १८६० पासूनच होती आणि ती विवाहितेलाही लागू होती. अँड्र्यू स्कोबल यांच्या विधेयकाने ती बारावर नेली, एवढाच बदल झाला. कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधाने दगावली होती, हे ताजे कारण त्यामागे होते. टिळकांनी १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातले धर्मात हस्तक्षेप न करण्याचे वचन पुढे केले, डॉ. भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधारे गर्भाधान, म्हणजे पतिपत्नीचा पहिला शरीरसंबंध, पहिल्या ऋतुप्राप्तीलाच झाला पाहिजे अशी सक्ती नसल्याचे सिद्ध केले. मार्चमध्ये कायदा झाला. त्या वादातले शेकडो कॉलम वाचताना एक गोष्ट फार बोचते: शास्त्रार्थ खूप आहे, राज्यकर्त्यांवरचा संताप खूप आहे, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या शरीराला काय सोसावे लागते याबद्दल फार थोडे आहे.

मुंबईबद्दलच्या पहिल्या शंकेसाठी एकच माणूस पुरे आहे. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे काँग्रेसच्या स्थापनेतले अग्रणी. १८८६ साली त्यांनी व्याख्यान देऊन प्रतिपादन केले की राजकीय सुधारणेने सामाजिक सुधारणेची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही, जिथे विरोध कमी तिथे आधी पाऊल टाकावे. त्याच काळात ते न्यायालयात रखमाबाईंचे वकील म्हणून उभे होते, आणि १८९१ च्या कायद्यालाही त्यांचा पाठिंबा होता. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या दोन रकान्यांपैकी कोणत्या रकान्यात त्यांना बसवणार?

गायवाडी

वरील प्रतिसादातली माहिती मोलाची आहे, पण निष्कर्ष टिळकांवर आणि एकंदर राष्ट्रीय पक्षावर अन्याय करणारा आहे, असे मला नम्रपणे नोंदवावेसे वाटते.

सामाजिक प्रश्न राजकीय व्यासपीठावर आणू नयेत, ही कल्पना टिळकांची नव्हती. १८८६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजी यांनीच ती मांडली होती. काँग्रेसमध्ये हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे होते आणि प्रत्येक समाजाच्या चालीरीती निराळ्या होत्या. एका समाजाच्या विवाहपद्धतीवर दुसऱ्या समाजाच्या प्रतिनिधींनी मत द्यावे, हे व्यवहार्यही नव्हते आणि शोभणारेही नव्हते. दादाभाईंना कोणी सनातनी म्हणणार नाही. मुंबईत मुलींच्या शाळा काढणाऱ्या पहिल्या पिढीतले ते होते. सामाजिक परिषद १८८७ पासून काँग्रेसला जोडून, पण निराळी भरू लागली, ती याच समजुतीमुळे.

टिळकांनी १८९० साली पुण्याच्या सभेत जी कलमे मांडली, तीही विसरून चालणार नाही. मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न केलेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये. आणि जे सुधारणेच्या गोष्टी बोलतात त्यांनी ही बंधने आधी स्वतःवर घालून घ्यावीत. कायद्याने बाराची मर्यादा मागणाऱ्यांपुढे त्यांनी स्वेच्छेने सोळाची मर्यादा ठेवली. भाषण एक आणि घरात दुसरेच, अशी सुधारकांची उदाहरणे त्या काळी लोकांना तोंडपाठ होती. १८७३ साली पहिली पत्नी वारल्यानंतर खुद्द रानडे यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, याचे शल्य सुधारक पक्षाला जन्मभर राहिले. पुढे रमाबाई रानडे यांनी जे काम उभे केले त्याने त्या लग्नाला वेगळा अर्थ आला, हे खरे. पण १८९० साली सामान्य माणसाला दिसत होते ते एवढेच.

शेवटचा मुद्दा मुंबईचाच आहे. जुलै १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा या शहरातल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. सातारा-रत्नागिरीकडून पोट भरायला आलेली ही माणसे होती. त्यांतले काही सरकारच्या गोळ्यांना बळी पडले. सुधारकांच्या एकाही सभेसाठी असे घडले नव्हते. सामान्य माणूस सभ्य गृहस्थांच्या ठरावांनी जागा होत नाही, आपल्यासाठी तुरुंगात जाणाऱ्या माणसाकडे पाहून होतो, हे टिळकांनी ओळखले होते. आणि स्वातंत्र्याची चळवळ याच ओळखीवर उभी राहिली.

गिरणगाव

१९०८ च्या संपाचा उल्लेख वर आला, म्हणून लिहितो. ते सहा दिवस आमच्या भागाच्या इतिहासातले अभिमानाचे दिवस आहेत आणि मी ते कमी लेखणार नाही. पण त्या संपाच्या आधी जवळजवळ पाव शतक याच गिरण्यांमध्ये दुसरी एक चळवळ उभी राहिली होती आणि तिचा उल्लेख या चर्चेत अजून झालेला नाही.

नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते, जोतिराव फुल्यांचे सहकारी होते आणि ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र मुंबईतून चालवत होते. १८८४ साली त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुटी, दुपारची अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्यांवर हजारो सह्या गोळा केल्या. १८९० साली महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुटी मिळाली. याच लोखंड्यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र करून विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असा निश्चय करवला. केशवपनावर पुण्या-मुंबईचे विद्वान एकमेकांना ग्रंथांतली वचने दाखवत होते, तेव्हा ज्याच्या हातात वस्तरा होता त्याच्याशी जाऊन बोलणारा माणूस हा होता. सुधारणा घडते कशी, हे मला या एका प्रसंगातून जेवढे समजले तेवढे कोणत्याही शास्त्रार्थातून समजले नाही. मुंबईच्याच लोकांनी ११ मे १८८८ रोजी मांडवीच्या कोळीवाड्यात सभा भरवून जोतिरावांना महात्मा म्हटले.

त्या जोतिरावांनी काँग्रेसबद्दल काय म्हटले? शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी या सगळ्यांनी विद्या मिळवून एकमेकांबरोबर मोकळेपणाने वागल्याशिवाय एकमय लोक तयार होणार नाहीत, आणि तसे लोक नसताना काही शहाण्यांनी सभा भरवली म्हणून ती राष्ट्राची होत नाही. आधी काय आणि मग काय, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्य मागणारा ‘आम्ही’ कोण, हे ते विचारत होते.

या दृष्टीने पाहिले तर १८९१ च्या वादातले दोन्ही पक्ष एकाच अंगणात उभे असलेले दिसतात. विधवेचा विवाह, मुलीचे लग्नाचे वय, केशवपन: हे सगळे प्रश्न मुख्यतः वरच्या जातींच्या कुटुंबांतले होते. ते लहान नव्हते. त्या घरांतल्या मुली जळत होत्या. पण पाणवठा, देऊळ, शाळेतली बसायची जागा यांच्याबद्दल काँग्रेसचा मंडप बोलत नव्हता आणि सामाजिक परिषदही मनापासून बोलत नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि शेवटी होऊ न शकलेल्या, भाषणात हाच मुद्दा मांडला आहे: सामाजिक परिषद कुटुंबसुधारणेपुरती राहिली, समाजाच्या पुनर्रचनेला तिने हात घातला नाही, आणि म्हणून राजकीय पक्षापुढे ती हरली. १८९२ साली अलाहाबादला काँग्रेसचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांनी विचारले होते की आमच्या विधवांची लग्ने होत नाहीत म्हणून आम्ही राजकीय हक्कांना नालायक ठरतो का. बाबासाहेबांनी त्यावर उलट विचारले की अस्पृश्यांना सार्वजनिक शाळा, विहीर आणि रस्ता वापरू देत नसताना तुम्ही राजकीय सत्तेला लायक आहात का. पहिल्या प्रश्नाला आपण ‘नाही’ म्हणू शकतो. दुसऱ्यापुढे तेवढ्या सहजपणे ‘आहोत’ म्हणता येत नाही.

या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग मुंबईत घडला आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी ऑक्टोबर १९०६ मध्ये परळला अस्पृश्यवर्गासाठी मिशन सुरू केले. काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध पहिला ठराव केला तो डिसेंबर १९१७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर बत्तीस वर्षांनी, आणि तोही ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारचे भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केल्यानंतर, जेव्हा या वर्गांचा पाठिंबा आवश्यक झाला तेव्हा. मार्च १९१८ मध्ये शिंद्यांच्या पुढाकाराने मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद भरली. अध्यक्षस्थानी सयाजीराव गायकवाड होते. टिळक तिथे बोलले आणि देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव म्हणणार नाही, असे त्यांनी हजारो लोकांसमोर सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग अस्पृश्यता स्वतःच्या आचरणातून काढून टाकण्याचे प्रतिज्ञापत्र पुढे आले. त्यावर टिळकांनी सही केली नाही.

गायवाडी यांनी लिहिले आहे की बोलणाऱ्याने बंधन आधी स्वतःवर घालून घ्यावे, ही टिळकांची अट होती. ही अट मलाही पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच ती १९१८ च्या त्या कागदालाही लावली पाहिजे. आदल्याच वर्षी अथणीच्या सभेत त्यांनी तेली, तांबोळी आणि कुणबी यांना कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, जाऊन काय करायचे आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. १९०८ साली त्यांच्यासाठी काम बंद ठेवणारे बहुतेक त्याच समाजांतले होते, हे मनात आल्यावाचून राहत नाही.

दादरचा वाचक

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. गिरणगाव यांच्या लेखनाने माझ्या मांडणीची दिशाच बदलेल असे दिसते. अजून एक विचारतो. ज्यांच्यावरून १८९१ चा सारा वाद झाला त्या स्त्रियांनी स्वतः काय केले? आणि परक्या सरकारऐवजी आपल्याच प्रतिनिधींनी कायदा केला, तेव्हा विरोध मावळला का?

चौपाटी

स्त्रियांच्या बाजूने थोडे लिहिते.

रखमाबाईंनी खटल्याचा पहिला निकाल लागण्यापूर्वीच, १८८५ साली, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त नाव न देता पत्रे लिहून बालविवाहाने मुलीचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुंटते ते मांडले होते. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी इथेच, चौपाटीजवळ, शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या तरुण विधवा पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८८९ च्या अखेरीस मुंबईत काँग्रेस भरली, तेव्हा ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्या दोन्ही मंडपांत वावरल्या आणि दोन्हीकडच्या पुरुषांना त्या पचल्या नाहीत. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा बोभाटा १८९३ साली झाला आणि रानडे-भांडारकरांनीही सल्लागार मंडळ सोडले. धर्मांतराचा प्रश्न नाजूक होता हे मान्य केले, तरी निराधार विधवेला दुसरे घर कोण देणार होते, याचे उत्तर ‘केसरी’ने दिले नाही आणि सुधारकांनाही तोवर उभे करता आले नव्हते. कर्व्यांचा आश्रम १८९६ चा.

पुढच्या पिढीत मात्र सुधारणा आणि स्वराज्य या कामांतली भिंत मुंबईच्या बायकांनी स्वतःच्या वागण्याने खिळखिळी केली. अवंतिकाबाई गोखले १९१७ साली गांधीजींबरोबर चंपारणला गेल्या, १९१८ साली त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज काढला, आणि १९३० च्या सत्याग्रहात या समाजाच्या बायका रस्त्यावर होत्या. परदेशी कापडाच्या दुकानापुढे उभे राहण्यासाठी घराचा उंबरा ओलांडावा लागला, पोलिसांच्या गाडीत परक्या पुरुषांदेखत चढावे लागले, तुरुंगात कोणाच्याही हातचे खावे लागले. सामाजिक परिषदेच्या ठरावांना जे जमले नव्हते त्यातले बरेच या मोहिमेत घडले. राष्ट्रीय चळवळीच्या बाजूने सांगण्यासारखी सर्वांत भक्कम गोष्ट मला हीच वाटते.

विधिशाखा

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्यात आहे. हरबिलास सारडा यांचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात एका भारतीय सभासदाने आणलेले होते, आणि महिला संघटनांनी त्यासाठी जोर लावला होता. १९२९ साली ते मंजूर झाले. मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा वर्षांची मर्यादा १ एप्रिल १९३० पासून लागू झाली. परकेपणाची हरकत इथे पुष्कळच दुबळी झाली होती, तरीही धर्म बुडाल्याची ओरड तशीच झाली, आणि कायदा लागू होण्याआधीच्या सहा महिन्यांत ठिकठिकाणी घाईघाईने बाललग्ने उरकण्यात आली. शिवाय कायद्यातच पळवाटा ठेवल्या गेल्या: झालेले लग्न रद्द होत नव्हते, पोलिसांना आपणहून दखल घेता येत नव्हती, आणि तक्रार करणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागितला जाई. त्या काळी शंभर रुपये ही लहान रक्कम नव्हे.

गिरणगाव यांच्या मुद्द्यालाही याच्याशी जोडता येईल. सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये ठराव संमत करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. बोले इथलेच, मंडळ इथलेच, ठराव आपल्याच प्रतिनिधींनी केलेला. महाड नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण २० मार्च १९२७ रोजी लोक प्रत्यक्ष चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांना मारहाण झाली, आणि नगरपालिकेने पुढे आपला ठराव मागे घेतला. व्याख्यानात वेळ थोडा असेल तर संमतिवयाचा भाग आटोपता घ्यावा आणि १९१८ ची मुंबईची परिषद, बोले ठराव व महाड ही साखळी सलग मांडावी, असे मी सुचवेन. परळचे दामोदर हॉल आपल्या वाचनालयापासून फार लांब नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम जुलै १९२४ मध्ये तिथून सुरू झाले.